रस्त्यात जखमी बैल, दोन प्रकारचे पोलीस आणि माझा जबाब: सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आधी प्रसंग सांगते, मग प्रश्न विचारते. लांबेल, पण तपशील गाळले तर मी का अडले आहे ते कळायचं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेअकराच्या सुमारास भाऊ आणि मी कराडहून पुण्याला येत होतो. पावसाची भुरभुर होती. आमच्यापुढे एक पिकअप चालला होता, मागे दाटीवाटीने जनावरं भरलेली. एका उतारावर खड्डा चुकवायला त्याने गाडी झटकन वळवली, मागचा फळका उघडला आणि एक बैल रस्त्यावर कोसळला. पिकअप पुढे जाऊन थांबला. किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, उतरून मागे आला, बैलाकडे बघितलं, फळका लावला आणि गाडी निघून गेली. नंबर मी वाचला, भावाने मोबाइलवर टिपून ठेवला.

बैल तरुण होता, खोंडच म्हणा. गळ्यात तुटलेलं दावं. पुढच्या पायांवर जोर देऊन उठायला बघायचा आणि परत बसायचा. मागचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. त्याचा आवाज मी लिहून सांगू शकत नाही.

आम्ही पोलिसांना फोन केला. वीसेक मिनिटांत गस्तीची गाडी आली. आतले साहेब खाली उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "जनावराचं आमच्याकडे काही नसतं ताई, नगरपालिकेला कळवा. आणि तुमची गाडी काढा, रस्ता अडतोय." मी पिकअपचा नंबर सांगायला लागले. "सकाळी ठाण्यात येऊन सांगा." गाडी गेली. आम्ही उभे होतो तिथून नगरपालिका कुठल्या कुठे. त्या पाच मिनिटांत मला जितकं एकटं वाटलं तितकं बैल पडला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग मोटारसायकलवरून एक हवालदार आले. ड्यूटी संपवून घरी चालले होते, पन्नाशीचे असावेत. त्यांनी आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. मोटारसायकल बरीच मागे नेऊन दिवे चालू ठेवून लावली, बाभळीच्या डहाळ्या मोडून रस्त्यात टाकल्या. ढाब्यावरून चार पोरं आणि बारदानं घेऊन आले. बैल आडवा पडला होता, त्याला सगळ्यांनी मिळून छातीवर बसवला आणि दोन्ही बाजूंनी बारदानं लावली. "आडवा राहिला तर पोट फुगून मरंल," एवढंच म्हणाले. अंगातला रेनकोट काढून त्याच्या पाठीवर टाकला आणि स्वतः भिजत उभे राहिले.

नंतर ते बैलाच्या कानाशी वाकले. कानातला पिवळा बिल्ला चिखलाने भरला होता. तो अंगठ्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बारा आकडे त्यांनी मोठ्याने वाचले. एकदा वाचले, मी लिहिले, मग परत वाचून ताडून बघितले. जवळच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर दीड वाजता आले. तोवर हवालदार हलले नाहीत. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडीचा नंबर कुणी बघितला का?" त्या रात्री हा प्रश्न विचारणारे ते एकटे.

आता मुद्दा. परवा त्यांचा फोन आला. बिल्ल्यावरून बैलाचा आधीचा मालक सापडला, त्याच्याकडून त्याच दिवशी बाजारात बैल विकत घेतलेला शेतकरी सापडला. पिकअपवाल्याने त्याला "बैल दावं तोडून पळाला" असं सांगितलं होतं. शेतकऱ्याने तक्रार दिली आहे आणि माझा जबाब हवा आहे. आई आणि काका म्हणतात, पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पहिल्या गाडीतले साहेब आठवले की मला त्यांचं पटतं. हवालदार आठवले की वाटतं, आत्ता निघावं. तुम्ही काय केलं असतं?

रानवारा

जा. त्या हवालदारकाकांसाठी तरी जा.

साध्या_वेशात

ताई, मी सव्वीस वर्षं खात्यात काढली, आता निवृत्त आहे. पहिल्या गाडीतल्या माणसाची बाजू घेणार नाही. पण तो असं का वागला ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्हाला फक्त कीव येत नाही.

प्राण्यांचा मुख्य कायदा १९६० चा, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, उपाशी ठेवणं, कोंबून वाहतूक, जखमी अवस्थेत राबवणं, सगळं गुन्हा म्हणून दिलं आहे. शिक्षा वाचा: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. कित्येक दशकं झाली, आकडे तेच आहेत. शिवाय त्यातले मोजके प्रकार सोडले तर बाकी सगळं अदखलपात्र. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. नव्याने भरती झालेल्या पोराच्या मनावर याचा काय परिणाम होतो? पन्नास रुपयांच्या दंडासाठी रात्रभर जागायचं, वर सकाळी साहेब विचारणार, तीन तास कुठे होतास. मग तो "आमच्याकडे नसतं" म्हणायला शिकतो. सीनियरकडूनच शिकतो.

आणि ते वाक्य खोटं आहे. याच कायद्याचं कलम १३ पोलिसांवरच जबाबदारी टाकतं. शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला, म्हणजे हवालदारालासुद्धा, रस्त्यात असं जनावर दिसलं की त्रास दिल्याशिवाय हलवताच येणार नाही, आणि मालक हजर नसेल, तर त्याने लगेच त्या भागाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवायचं. तुमच्या हवालदारांनी कलम वाचलं असेल की नाही कोण जाणे, पण केलं नेमकं तेच.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, आजवर घरीही सांगितलेली नाही. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी नाकाबंदीवर असताना एका ट्रकखाली गाय सापडली. मागचा भाग पूर्ण गेला होता. गर्दी ओरडत होती, "साहेब, गोळी घाला, सोडवा तिला." कमरेला पिस्तूल होतं. मला तसा अधिकार नव्हता. डॉक्टरांचा दाखला हवा, वर मॅजिस्ट्रेटचा हुकूम हवा, तेव्हाच जनावराला मरण देता येतं. मी डॉक्टरांना शोधायला माणूस पाठवला आणि स्वतः बंदोबस्ताच्या नावाखाली पन्नास पावलं लांब जाऊन उभा राहिलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. डॉक्टर यायच्या आत ती गेली. गर्दीतली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लेकरा, तू जवळ तरी बसायचं." त्यानंतर मी कधी लांब उभा राहिलो नाही.

जबाब द्या, ताई. तुमच्यासारखे लोक मागे हटले की असल्या हवालदाराला ठाण्यात ऐकून घ्यावं लागतं, "बघ, एवढं करून काय मिळालं?"

गुरांचा_डॉक्टर

रात्री दीड वाजता उठून गेलेल्या डॉक्टरांना माझ्यातर्फे नमस्कार कळवा.

बैलाला छातीवर बसवण्याबद्दल दोन शब्द, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. गाय-बैल कुशीवर आडवे पडून राहिले तर पोटातला वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही. पोट फुगतं, फुप्फुसांवर दाब येतो आणि पाय मोडलेलं जनावर पायाने न मरता गुदमरून मरतं. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचाही धोका असतो. म्हणून छातीवर बसवायचं, डोकं उंच ठेवायचं आणि तोंडात पाणी ओतायचं नाही. गर्दीतला कुणी तरी हमखास बाटली घेऊन येतो. त्याला हात जोडून थांबवा. जनावर स्वतः पीत असेल तर घमेलं पुढे ठेवा.

कुत्र्याचं वेगळं. कितीही माणसाळलेला असू द्या, वेदनेत तो चावतो. ओढणी किंवा पट्टीने तोंड हलकं बांधा, पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका. उचलताना कडेवर घेऊ नका. चादर, फळी, गाडीतलं रबरी मॅट, जे मिळेल त्यावर सरकवून न्या. कणा मोडलेला असला तर तुमच्या प्रेमळ मिठीतच तो कायमचा लुळा होईल.

कणा गेलाय की पाय, हे आम्ही कसं ओळखतो? शेपटी हलते का ते बघतो, मागच्या खुरांमधली कातडी चिमट्यात जोरात दाबतो. जनावर नुसता पाय आखडतं की मान वळवून बघतं, हंबरतं, यातला फरक महत्त्वाचा. वेदना डोक्यापर्यंत पोचत असेल तर आशा असते. कृष्णाकाठताई, तुम्ही लिहिलंय की तो पुढच्या पायांवर उठायला बघत होता. पाय मोडला तरी मोठ्या जनावराची धडपड अशीच दिसते, त्यामुळे डॉक्टरांनी खुरांमधली कातडी दाबली तेव्हा त्याने काय केलं ते आठवत असेल तर लिहा.

वेदनेचं इंजेक्शन घरचं कुणी देऊ नये. गावात अजून कुणी जुनं डायक्लोफिनॅक बाहेर काढतं. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, आपली गिधाडं त्यानेच संपत आली. (विषय सोडून झालं, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पोलिसांबद्दल माझा अनुभव असा. ज्या ठाण्यातल्या एका तरी माणसाकडे आमचा नंबर असतो, त्या भागात जनावर वाचायची शक्यता असते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ आणि वन्यप्राणी असेल तर वनखात्याचा १९२६ हे दोन नंबर ठाण्यातल्या भिंतीवर लावायला खर्च येत नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टर, हो. त्यांनी खुराशी दाबलं तेव्हा त्याने मान वळवून बघितलं आणि हंबरला. डॉक्टर हवालदारांना म्हणाले, "आहे, कणा आहे." हवालदारांनी आकाशाकडे हात जोडले. मला तेव्हा अर्थ कळला नव्हता. आज तुमचं वाचून कळला.

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका. माझ्या चुलतभावाच्या अपघातात आम्ही चार तास पंचनाम्याची वाट बघत होतो. जिथे माणसासाठी माणूस मिळत नाही तिथे बैलासाठी हवालदार थांबतो याचं कौतुक करायचं की दुःख, मला कळत नाही. पोलिसांकडून आधी माणसाचं होऊ द्या.

साध्या_वेशात

दादा, तुमच्या घरावर जे आलं त्याचं वाईट वाटतं आणि तुमचा राग रास्त आहे. पण खात्यात आत राहून बघितलेलं सांगतो. माणसासाठी वेळेवर धावणारे आणि जनावरासाठी थांबणारे पोलीस दोन वेगवेगळ्या टोळ्या नसतात. तोच माणूस दोन्हीकडे थांबतो. आणि जो गाडीची काच खाली करून बोलतो तो माणसाच्या अपघातातही काच खाली करूनच बोलतो. तुमच्या भावाच्या वेळी जो आला नाही तो बैलापाशी अडकला होता म्हणून आला नाही, असं एकदाही झालेलं मी पाहिलं नाही.

कोर्टाची_पायरी

ताईंच्या काकांनी माझं टोपणनाव सार्थ केलं, म्हणून लिहितेच. मी वकिली करते.

आधी घाबरण्याचं कारण काढून टाकू. महिला साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. त्यांनी तुमच्या घरी यायचं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ आहे. साठीच्या पुढच्या व्यक्तींनाही ही सवलत आहे. तुम्हाला स्वतःहून जायचं असेल तर जाऊ शकता. दुसरं, पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. कुणी सही मागितली तर नम्रपणे विचारा, कशासाठी. तिसरं, फक्त जे पाहिलं तेच सांगा. "तो पिऊन असेल", "चोरीची जनावरं असतील", असलं काही नको.

गुन्हा कुठला लागेल? जुन्या दंडविधानात कलम ४२८ आणि ४२९ मध्ये जनावराची किंमत बघायचे, दहा रुपये आणि पन्नास रुपये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किंमत काढून टाकली आहे. कुठलाही प्राणी मारणं, विष घालणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हे दखलपात्र आहे. पण तिथे हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. बैल खाली पडणं हा अपघात म्हणता येईल. जखमी जनावर बघून फळका लावून निघून जाणं ही मात्र जाणून केलेली कृती आहे, आणि ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तुमचा जबाब म्हणूनच मोलाचा. शिवाय प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत माणूस हवा, प्रथमोपचाराचं साहित्य हवं, डॉक्टरांचा दाखला हवा. गुरांची तोंडं शक्यतो इंजिनाच्या दिशेला हवीत, म्हणजे ती बिथरत नाहीत, असंही त्यात लिहिलं आहे. हे नियम लिहिणाऱ्याने कधी तरी गुरांमागे प्रवास केला असणार.

दुसरी बाजूही सांगते. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला जेवण पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली भटका कुत्रा सापडून मेला. श्वानप्रेमीच्या तक्रारीवरून पोलिसांनी त्या मुलावर बेदरकार वाहन चालवून माणसाचा जीव धोक्यात आणल्याची कलमं लावली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. ही कलमं माणसांसाठी आहेत, प्राण्याला लागू नाहीत, असं सांगून मुलाला वीस हजार रुपये द्यायचा हुकूम केला आणि ते संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. निकाल मला पटतो. त्या मुलाने जाणूनबुजून काही केलं नव्हतं. पण तेव्हापासून मी ठाण्यात प्राण्यांची तक्रार घेऊन गेले की हाच निकाल पुढे करून मला परत पाठवायचा प्रयत्न होतो. चुकीचं कलम लावू नका असं कोर्टाने सांगितलं होतं, तक्रारच घेऊ नका असं नाही. हा फरक समजावण्यात माझे तासन् तास गेले आहेत.

वेताळटेकडी

मी कोथरूडचा. ९ डिसेंबर २०२० विसरू शकत नाही. सकाळी महात्मा सोसायटीत रानगवा आला होता. नऊच्या सुमारास मी गच्चीवर होतो. खाली शेकडो माणसं, मोबाइल वर धरलेले, कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी मागे धावतंय. गवा घाबरून भिंतींवर धडका देत होता, तोंडातून रक्त येत होतं. अखेर त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि तो मेला. त्या दिवशी मी पोलिसांना खूप शिव्या दिल्या. गर्दी आवरणं हे त्यांचंच काम होतं.

पण शिव्या देणारा मीसुद्धा गच्चीवरून व्हिडिओ काढत होतो. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे, पुसायचं धाडस होत नाही आणि बघायचंही होत नाही.

दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला पुन्हा गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवलं गेलं आणि तो आपल्या पायांनी जंगलाकडे परतला. बेशुद्धही करावं लागलं नाही. शहर तेच, पोलीस तेच, वनखातं तेच. अनेकांनी आपल्या ओळखीच्या पोलिसांना त्या दिवशी धन्यवादाचे मेसेज पाठवले, मीही पाठवला.

जुनी_मुंबई

पोलीस आणि जनावरं हा विषय निघाला की मला १८३२ आठवतं. मुंबईत भटकी कुत्री मारायचा सरकारी नियम होता आणि शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळायचं. बक्षिसापायी शिपाई अंगणातली, घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. त्या जूनमध्ये, पारशी बांधवांच्या पवित्र दिवशी, लोकांचा संयम सुटला. किल्ल्यात दंगल उसळली, बाजार बंद पडला, शेवटी सैन्य बोलवावं लागलं. शहराच्या सुरुवातीच्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती पेटली शिपायांनी दारातलं कुत्रं नेलं म्हणून.

याच शहरात १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था उभी राहिली आणि पुढे परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय झालं. माझे वडील गिरणीत होते. चाळीतला घोडागाडीवाला घोड्याचा खूर दाखवायला तिथे न्यायचा, आम्ही पोरं मागे पळायचो.

आणि जंजीर. १९९३ च्या स्फोटांनंतर तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर. २००० च्या नोव्हेंबरात हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याच्या पार्थिवावर फुलं वाहिली. तो फोटो मी कापून ठेवला होता. खात्याला जनावरापुढे वाकता येतं, हे मी तेव्हा पाहिलं.

थेम्सकाठी

मी गेली बारा वर्षं लंडनजवळ राहते. इथली गोष्ट सांगते. १४ जून २०२४ च्या संध्याकाळी स्टेन्स गावात एक सुटलेली कालवड रस्त्यावर फिरत होती. कित्येक तास ती पकडली जाईना. शेवटी सरे पोलिसांच्या गाडीने तिला दोनदा धडक देऊन पाडलं. कुणी तरी खिडकीतून चित्रण केलं आणि ते देशभर पसरलं. गृहमंत्र्यांनी खुलासा मागितला, गाडी चालवणाऱ्या अधिकाऱ्याला रस्त्यावरच्या कामातून बाजूला केलं. पोलिसांचं म्हणणं होतं की ती लोकांना धोकादायक झाली होती आणि बाकी उपाय थकले होते. कालवड वाचली, पायाला मोठी जखम घेऊन कळपात परत गेली. काही काळाने अधिकारीही कामावर परतला.

माझ्या शेजारच्या आजी, आयुष्यभर पोलिसांच्या बाजूने बोलणाऱ्या. त्यांनी तो व्हिडिओ बघून मला विचारलं, "आणि कुणी जवळ का बसलं नाही तिच्या?" वर साध्या_वेशात यांच्या गोष्टीतल्या म्हातारीचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. कुठली कोण, पण शब्द तेच.

इथे कुत्रा, घोडा, गाय, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी यांना गाडी लागली तर चालकाला थांबावंच लागतं आणि नाव-पत्ता द्यावा लागतो, तो देता आला नाही तर पोलिसांना कळवावं लागतं. १९८८ चा कायदा आहे. मांजर मात्र त्या यादीत नाही, त्यावर अजून भांडण चालू आहे.

रानवारा

कृष्णाकाठ, काय ठरलं? रोज धागा उघडून बघतोय.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा.

कोर्टाची_पायरी यांनी सांगितलेलं मी हवालदारांना फोनवर विचारलं. "बरोबर आहे ताई, आम्हीच येतो," म्हणाले. रविवारी ते आणि एक महिला शिपाई बसने पुण्याला आले, बससाठी पहाटे निघाले होते. आई सुरुवातीला स्वयंपाकघरातून बाहेर येईना. बूट दारात काढून दोघं आत आले, ते बघून चहा घेऊन आली.

जबाब लिहायला दीड तास लागला. मी "पिकअप जोरात होता" म्हटलं तर विचारलं, "किती जोरात? तुमच्या गाडीचा काटा किती होता?" मी आठवून सांगितलं. "किन्नर बैलाच्या किती जवळ आला?" मी म्हटलं, आमच्या सोफ्यापासून दारापर्यंत. त्यांनी उठून पावलांनी अंतर मोजलं आणि लिहिलं. शेवटी सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली, ती केली. सही मागितली नाही.

मग आईनेच विचारलं, "बैलाचं काय झालं हो?" त्यांनी मोबाइल काढला. शेतकऱ्याच्या गोठ्यात, पोटाखालून गोणपाटाचा झोळ बांधून बैल उभा केला आहे. मागच्या पायाला बांबूच्या कामट्या. डॉक्टर म्हणालेत की औताला जुंपता यायचा नाही. शेतकऱ्याने ठेवून घेतला आहे. व्हिडिओत त्याची छोटी मुलगी बैलाला कडबा भरवत होती आणि बैल तिच्या हातालाच चाटत होता. आई तो व्हिडिओ तीनदा बघत बसली.

ते निघताना आई अचानक म्हणाली, "साहेब, एक विचारू? आमच्या शेजारच्या इमारतीत दोन महिन्यांपूर्वी चोरी झाली. त्या रात्री मी जिन्यात एक माणूस बघितला होता. मी कुणाला बोलले नाही." मी तिच्याकडे बघतच राहिले. मलाही बोलली नव्हती.

हवालदार परत खाली बसले. म्हणाले, "काकू, हे माझ्या हद्दीतलं नाही, पण तुमच्या ठाण्यात सांगायलाच हवं. तुम्हाला ठाण्यात यायची सक्ती नाही, त्यांनाही घरी बोलावू शकता." आई म्हणाली, "नको. मीच जाते."

उद्या सकाळी अकराला आई आणि मी आमच्या ठाण्यात जाणार आहोत. सोबत काय न्यावं लागतं?

साध्या_वेशात

ओळखपत्र न्या. आईंना आठवतंय ते आज रात्रीच एका कागदावर लिहून काढायला सांगा: वेळ, कपडे, उंची, कुठल्या पायरीवर दिसला. आत गेल्यावर आधी ठाणे अंमलदारांना भेटा आणि काय काम आहे ते सांगा. बसायला सांगितलं तर पाणी मागून घ्या, सकाळी गर्दी असते.

कोर्टाची_पायरी

आणि काही अडलं तर मला इथेच निरोप टाका, मी उद्या बारापर्यंत मोकळी आहे.

कृष्णाकाठ

आई लिहायला बसली आहे. दुसरा कागद मागितला आत्ता.